लढाईच्या आधीचा फ्लॅट

शामसुंदरराव शिंदे यांनी बंगळूरच्या जुन्या मराठी घरांतली लग्नं जुळवण्यात उभी हयात घालवली, आणि साठी उलटल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आता आपल्याला कुणी विचारतच नाही. पोरं-पोरी फोनवर बोट फिरवून एकमेकांना पसंत करू लागली होती. एका मुलीनं तर त्यांना तोंडावर सांगितलं, "अंकल, आमचं झालं ठरवून. तुम्ही नुसते जेवायला या." शामसुंदरराव जेवायला गेले. जेवण फार चांगलं झालं होतं, आणि त्याचंच त्यांना जास्त वाईट वाटलं.

माणूस तसा साधा. पांढरा शर्ट, खिशाला पेन, जुनी स्कूटर. पेन नुसतं शोभेचं, कारण लिहून त्यांनी कधी काही ठेवलं नाही. कुणाची मुलगी कुठं शिकते, कुणाचा मुलगा गुपचूप सिगारेट ओढतो, कुठल्या घरात सासूचं चालतं आणि कुठल्या घरात सासऱ्याचं फक्त चालतं असं दाखवतात, ते सगळं डोक्यात. त्यांच्या धंद्याच्या खुब्या दोनच. पहिली म्हणजे, मुलाकडे जाऊन सांगायचं की मागणी मुलीकडून आलीय, आणि मुलीकडे जाऊन सांगायचं की मागणी मुलाकडून आलीय. मग दोन्ही घरं ताठ मानेनं मांडवात यायची आणि लग्न झाल्यावर हा विषय काढायची कुणाला सवड नसायची. दुसरी खुबी म्हणजे उप्पिट आणि केशरी शिऱ्यासारखी केसरीबात खाऊन झाली की मुलाला आणि मुलीला दहा मिनिटं गच्चीवर पाठवायचं आणि तेवढा वेळ खालच्या कुणालाही जागचं हलू द्यायचं नाही. वर काय बोलणं झालं हे त्यांनी जन्मात कधी विचारलं नाही. उतरताना जिन्यावर पावलं कशी पडतात, त्यावरून त्यांना कळायचं.

लग्नं बंद पडल्यावर त्यांनी घरं विकायला घेतली. मुलगी देणं आणि घर देणं यात असा काय मोठा फरक, असं त्यांचं मत. फरक असावा, कारण दोन वर्षांत त्यांच्या हातून एक खोलीही विकली गेली नाही.

शेवटी त्यांच्या बायकोनं, चंपाबाईंनी, निकाल दिला. "उगादीच्या पाडव्यापर्यंत एक तरी घर विका. नाहीतर दादाच्या दुकानात बसा. मी बोलून ठेवलंय."

दादाचं दुकान म्हणजे चंपाबाईंच्या भावाचं, चामराजपेठेतलं स्टीलच्या भांड्यांचं दुकान. तिथं कोपऱ्यात एक मशीन होतं आणि त्या मशीननं लग्नाच्या आहेराच्या भांड्यांवर नवरा-नवरीची नावं घालून देत. शामसुंदररावांच्या डोळ्यांपुढं ते चित्र आलं. फोनवर जुळलेल्या जोड्यांची नावं आपण एका स्टुलावर बसून पातेल्यांवर कोरतोय.  म्हणजे आता जे काही करायचं ते हातात असलेल्या एकुलत्या एका फ्लॅटवर. तो विकला गेला तर शामसुंदरराव अजून शामसुंदरराव होते, नाहीतर स्टूल तयार होतं.

फ्लॅट मात्र तसा बाजी लावण्यासारखा होता. बसवनगुडीत, मोठाल्या झाडांच्या एका शांत गल्लीत, दुसऱ्या महायुद्धाच्या आधी एका लाकडाच्या व्यापाऱ्यानं चार फ्लॅटांची इमारत बांधली होती. एकाच्या डोक्यावर दुसऱ्यानं राहायचं ही कल्पनाच त्या काळच्या बंगळूरला चमत्कारिक वाटायची. म्हणून लोकांना भुलवायला त्यानं आत ऐषाराम ओतला. बर्मा सागाचे दरवाजे, वर रंगीत काचा, काळ्या-पांढऱ्या फरश्या, हॉल इतका मोठा की एका टोकाची हाक दुसऱ्या टोकाला विचार करून पोचायची. न्हाणीघरात विलायतेहून आणलेला, चार पायांवर उभा असलेला टब होता. त्या टबात आजवर कुणी अंघोळ केलेली नव्हती. नळाला पाणी येणार नाही त्या दिवसासाठी त्यात पाणी भरून ठेवायचे. पहिल्या मजल्यावरचा हा फ्लॅट मोहित्यांचा. डोक्यावर गच्ची.

मोहित्यांचे दोघे भाऊ आता नव्हते. राहत होत्या त्यांच्या बायका, गोजराबाई आणि शारदाबाई, सत्तरी ओलांडलेल्या सख्ख्या जावा. गोजराबाईंचा मुलगा प्रदीपकुमार जे. पी. नगरला, शारदाबाईंचा रविकुमार इंदिरानगरला. दोन्ही मुलं गुणी. फ्लॅट विकायचा, आणि आपापल्या आईला आपापल्या घरी न्यायचं, असं दोघांनी मिळून ठरवलं. आयांना विचारलं तेव्हा दोघी गप्प बसल्या. गप्प बसणं म्हणजे होकार, असं मुलांनी धरलं.

जाहिरात शामसुंदररावांनी स्वतः लिहिली आणि सगळ्या ओळखीच्यांच्या फोनवर पाठवली. "खानदानी व प्रशस्त फ्लॅट. जन्म लढाईच्या आधीचा, दिसायला तरुण. उंची चौदा फूट. स्वभाव शांत, उन्हाळ्यात थंड. आजवर एकाच घरात नांदलेला. अपेक्षा: सुशिक्षित, निर्व्यसनी, माणसं जपणारं कुटुंब. पत्रिका पाहणे असल्यास पाहावी."

"अण्णा, स्क्वेअर फूट किती ते लिहिलंच नाही तुम्ही," रविकुमार म्हणाला.

"मुलीचं वजन कुणी लिहितं का?" शामसुंदररावांनी विचारलं.

एक अडचण होती, ती साऱ्या बसवनगुडीला ठाऊक होती. गोजराबाई आणि शारदाबाई गेली दहा-बारा वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. रविकुमारच्या साखरपुड्याला गोजराबाईंनी मोठ्या हौसेनं सगळ्यांची कॉफी केली, आणि शारदाबाई पाहुण्यांसमोर म्हणून गेल्या, "अक्कांच्या कॉफीत चिकोरीच फार. थांबा, मी दुसरी करते." गोजराबाईंनी काही न बोलता सगळे कप ट्रेमध्ये परत ठेवले. तेव्हापासून स्वयंपाकघराच्या एकाच कट्ट्यावर कॉफीचे दोन फिल्टर उभे होते, एक चिकोरीचा आणि एक बिनचिकोरीचा. घरी कुणीही येवो, त्याच्यापुढं दोन कप यायचे. दोन्ही प्यावे लागत. एक उरवला तर माणूस कुणाच्या बाजूचा ते ठरून जाई. गॅसवाला सिलिंडर दारातच टेकवून पळायचा. शामसुंदररावांना त्या घरी जाऊन आलं की रात्रभर डोळा लागत नसे.

आणि बोलायचं झालंच तर तिऱ्हाइताच्या तोंडून. समोरच्या खुर्चीत जाऊ बसलेली असताना गोजराबाई सांगायच्या, "शामण्णा, तिला सांगा, दूधवाला उद्या येणार नाही." शामसुंदरराव मान वळवून सांगायचे, "धाकट्या अक्का, दूधवाला उद्या येणार नाही." शारदाबाई म्हणायच्या, "सरी, बरं. म्हणावं, ऐकलं मी." तिऱ्हाईत नसला की भिंतीवरचं कॅलेंडर असायचं. त्याला सांगायच्या.

फ्लॅट दाखवायचा कार्यक्रम शामसुंदररावांनी रीतसर ठेवला. दारात रांगोळी, खिडक्यांना धुतलेले पडदे, उप्पिट, केसरीबात. पाहुण्यांना आधी हॉलमध्ये बसवायचं, इकडचं-तिकडचं बोलायचं, आणि मग एकेक खोली पुढं आणायची. टब सगळ्यात शेवटी. पहिल्यांदा दातांचे डॉक्टर नवरा-बायको आले, खूश होऊन गेले, आणि दोन दिवसांनी नाही म्हणाले. मग बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ आले. तेही खूश होऊन गेले आणि नाही म्हणाले. मग एचएसआर लेआउटमधून अपूर्व आणि संयोगिता आले. दोघं मूळचे पुण्याचे, दोघंही कॉम्प्युटरवाले.

"काका, सीरियसली, असं घर आम्ही पुण्यात पण नाही पाहिलं," संयोगिता म्हणाली. तिनं दरवाज्यावरून हात फिरवला, फरशीवर चप्पल काढून चालून पाहिलं आणि टबापाशी तर बसूनच राहिली. अपूर्वनं दोन्ही कप संपवले आणि वर केसरीबातही दुसऱ्यांदा घेतली. शामसुंदररावांनी मनातल्या मनात अक्षता टाकल्या.

तिसऱ्या दिवशी संयोगिताचा फोन आला. "काका, घर खूपच क्यूट आहे. पण ॲक्चुअली, वास्तू मॅच होत नाहीये."

शामसुंदररावांनी फोन ठेवला आणि ते स्कूटरवर बसून राहिले. हे शब्द त्यांच्या ओळखीचे होते. साऱ्या आयुष्यात त्यांनी ते कितीतरी वेळा ऐकले होते, फक्त तेव्हा वास्तूच्या जागी पत्रिका असायची. नकार द्यायचा आणि कुणाचं मन दुखवायचं नाही, यासाठी आपल्या लोकांनी काढलेली ती तोड. पण जी पत्रिका सोमवारी जुळते आणि गुरुवारी जुळत नाही, तिथं ग्रह हललेले नसतात. घरातल्याच कुणीतरी कान भरलेले असतात.

ते थेट एचएसआर लेआउटला गेले. अपूर्व-संयोगिताच्या भाड्याच्या फ्लॅटचं छत इतकं खाली होतं की पंख्याखाली उभं राहताना शामसुंदररावांनी उगीचच मान वाकवली. दोघांनी आधी आढेवेढे घेतले. मग संयोगिता बोलली.

"त्या धाकट्या आजी आहेत ना, त्या मला किचनमध्ये घेऊन गेल्या. हळूच म्हणाल्या, पोरी, उन्हाळ्यात इथं थेंबभर पाणी येत नाही."

"आणि मला मोठ्या आजींनी बाल्कनीत गाठलं," अपूर्व म्हणाला. "म्हणाल्या, पावसाळ्यात सगळ्या हॉलमध्ये पाणी येतं. आता काका, पाणी येतं की येत नाही, हेच आम्हाला क्लिअर होईना."

शामसुंदररावांच्या डोक्यात प्रकाश पडला, पण चुकीच्या बाजूनं. त्यांना वाटलं, हे वैर आहे. हिचं चांगलं होऊ नये म्हणून ती बिघडवते आणि तिचं होऊ नये म्हणून ही. त्यावर त्यांच्याकडं हुकमी औषध होतं, तेच मागणी तिकडून आल्याचं. याच औषधावर त्यांनी किती रुसलेली घरं एका पंगतीला बसवली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ते मोहित्यांकडं पोचले. शारदाबाई स्वयंपाकघरात होत्या. शामसुंदररावांनी आवाज खाली आणला. "धाकट्या अक्का, सांगू नये, पण सांगतो. थोरल्या अक्का काल म्हणत होत्या, जुनं सगळं विसरू या. शारदेचं मन मोडलं ते बरं झालं नाही."

"असं म्हणाली ती?"

"माझ्या कानांनी ऐकलं."

"खोटं बोलू नका, शामण्णा," शारदाबाई शांतपणे म्हणाल्या. "ती मला शारदा म्हणत नाही. शारदी म्हणते." मग जरा थांबून म्हणाल्या, "म्हणायची."

शामसुंदररावांनी कॉफीचा पहिला कप तोंडाला लावला. तेवढ्यात शारदाबाईंनी पितळी झाकण उचललं आणि जमिनीवर टाकून दिलं. आवाज असा झाला की शामसुंदररावांच्या हातातला कप हिंदकळला.

"पडलं का?"

"पाडलं. अंघोळीचं पाणी तापलं. अलीकडं तिला कमी ऐकू येतं, हे तेवढं कळतं." आतल्या खोलीत खरोखरच गोजराबाईंचं कपाट उघडल्याचा आवाज आला. शारदाबाईंनी झाकण पुसून परत जागेवर ठेवलं. "प्रदीपच्या घरी सगळी भांडी काचेची आहेत, शामण्णा. तिथं कोण काय पाडणार?"

शामसुंदरराव दुसरा कप घ्यायला बाल्कनीत गेले. अंघोळ उरकून गोजराबाई तो कप घेऊन तिथं येऊन बसल्या. त्यांच्यावर औषधाचा प्रयोग करायचं धाडस आता त्यांना होईना, तेव्हा त्यांनी नुसतंच विचारलं, "थोरल्या अक्का, रोज इथंच बसता का?"

"सकाळी नाही. संध्याकाळी बसते. ती गांधी बझारला भाजीला जाते ना, ती कोपऱ्यावर दिसेपर्यंत. दिसली की आत जाऊन पेपर वाचत बसते." गोजराबाईंनी चष्मा पदरानं पुसला. "तिच्या गुडघ्याचं काही खरं नाही. आणि रवी राहतो चौदाव्या मजल्यावर. तिथून खालची माणसं मुंग्यांएवढी दिसतात. यातली आपली कुठली, कसं ओळखायचं कुणी?"

शामसुंदररावांनी तो कप कसा संपवला त्यांचं त्यांना माहीत. खाली उतरून स्कूटर सुरू करायचंही त्यांना भान राहिलं नाही. आयुष्यभर त्यांनी जोड्या जुळवल्या होत्या. काडीमोडाचं काम कुणी कितीही गळ घातली तरी त्यांनी कधी हातात घेतलं नव्हतं. आणि आता उतारवयात, एका स्टुलाला भिऊन, ते एका नांदत्या जोडीची फारकत करायला निघाले होते. त्यांना स्वतःची खरंच लाज वाटली.

घरी चंपाबाईंनी विचारलं, "काय झालं फ्लॅटचं?"

"स्थळ चांगलं आहे. पण मुलींच्या मनात नाही."

"कुठल्या मुलींच्या?"

शामसुंदररावांनी सगळं सांगितलं. चंपाबाई बराच वेळ गवार मोडत राहिल्या. उगादी जवळ आली होती, आणि स्टुलाची आठवण दोघांनाही होती. शेवटी त्या म्हणाल्या, "मुलींच्या मनात नसलं की तुम्ही काय करत होता इतकी वर्षं?"

"गच्चीवर पाठवायचो. पण ते मुलाला आणि मुलीला."

"मग?" चंपाबाई म्हणाल्या आणि गवारीची टोपली घेऊन आत गेल्या.

पुढच्या रविवारी शामसुंदररावांनी सगळ्यांना बोलावलं. प्रदीपकुमार आला, रविकुमार आला. अपूर्व-संयोगितालाही, शेवटचं एकदा या, नाही म्हणायचं तर समोर म्हणा, असं सांगून आणलं. उप्पिट झालं, केसरीबात झाली, प्रत्येकाचे दोन-दोन कप झाले. मग शामसुंदररावांनी घसा साफ केला.

"आता रीतीप्रमाणे," ते म्हणाले, "दोघींनी दहा मिनिटं गच्चीवर जाऊन बोलून यावं."

हॉलमध्ये कुणाला काही कळेना. "कोण दोघींनी?" रविकुमारनं विचारलं.

"थोरल्या अक्का आणि धाकट्या अक्का."

"अण्णा, त्या बोलत नाहीत," प्रदीपकुमार म्हणाला.

"माहीत आहे. म्हणूनच."

गोजराबाईंनी शामसुंदररावांकडं असं पाहिलं, जणू त्यांनी भर सभेत काहीतरी अचकटविचकट बोलून ठेवलंय. शारदाबाई कॅलेंडरकडं बघत होत्या. क्षणभर शामसुंदररावांना वाटलं, आता हाताला धरून बाहेर काढतात. मग शारदाबाई उठल्या आणि कॅलेंडरला म्हणाल्या, "वर सांडगे वाळत घातलेत. तसंही काढायचेच आहेत." आणि जिन्याकडं निघाल्या. पाठोपाठ गोजराबाई उठल्या. त्या शामसुंदररावांना म्हणाल्या, "तिला एकटीला ती चादर आवरायची नाही."

दार लागलं. खाली पाच माणसं छताकडं बघत बसली. लढाईच्या आधीचं छत, चौदा फूट उंच, त्यातून काय ऐकू येणार? एकदा डबा सरकल्याचा आवाज झाला. मग बराच वेळ काहीच नाही.

"जाऊन बघू का?" प्रदीपकुमार अर्धवट उठला. "उन्हात चक्कर-बिक्कर आली तर."

"बसायचं," शामसुंदरराव म्हणाले. आयुष्यात इतक्या करड्या आवाजात ते क्वचितच बोलले असतील. "दोघं बोलत असताना खालच्यांनी हलायचं नाही."

"पण बोलत असतील का?" संयोगितानं हळूच विचारलं.  शामसुंदररावांचे कान जिन्याकडं लागले होते.

दहाची वीस मिनिटं झाली. मग पावलं वाजली. शामसुंदररावांनी डोळे मिटून घेतले. पळत उतरणारी पावलं त्यांना ठाऊक होती, ओढत उतरणारी ठाऊक होती, एक पुढं आणि एक फार मागं, तीही ठाऊक होती. ही तशी नव्हती. एक पायरी, मग थांबणं. परत एक पायरी, मग थांबणं. गुडघेदुखीवाली आधी पाय टाकत होती आणि दुसरी तिच्यासाठी थांबत होती. शामसुंदररावांनी डोळे उघडले आणि रुमालानं नाक पुसलं.

दोघी आत आल्या. दोघींच्या मध्ये घडी घातलेली चादर होती, एक टोक हिच्या हातात, एक तिच्या. सांडग्यांचा डबा गोजराबाईंच्या काखेत.

"शामण्णा, जरा इकडं या," गोजराबाईंनी त्यांना बाल्कनीत बोलावलं. "हिचं म्हणणं पडलं की तिला माझ्याशिवाय करमायचं नाही. एवढं गयावया करायला लागली, मग मी काय करणार? म्हटलं, सरी. दोघी मिळून लहानसं घर घेऊ, इथंच जवळ. हा फ्लॅट द्या त्या पोरांना."

शामसुंदरराव बाल्कनीतून आत आले, तर स्वयंपाकघराच्या दारातून शारदाबाईंनी खूण केली. "तुम्हाला म्हणून सांगते, कुणाला बोलू नका. अक्का रडायलाच लागल्या. शारदी, मला सोडून जाऊ नको म्हणाल्या. वडील माणूस, नाही कसं म्हणायचं? दोघी एकत्र राहतो. तळमजला बघा, तिला आता जिना झेपत नाही, पण ते माझ्या गुडघ्याच्या नावावर खपवा."

शामसुंदररावांनी दोघींनाही, "असं म्हणाल्या त्या?" एवढंच विचारलं. आपली जन्माची विद्या आपल्या देखत दुसऱ्या कुणी इतक्या सफाईनं वापरावी, याचं त्यांना कौतुक वाटलं. वर प्रत्यक्षात कोण काय बोललं, हे त्यांनी याही वेळी विचारलं नाही.

मुलांनी थोडी खळखळ केली. "दोन-दोन मुलं असताना आया वेगळ्या राहणार? लोक काय म्हणतील?" प्रदीपकुमारनं विचारलं. गोजराबाई म्हणाल्या, "शामण्णा, त्याला सांगा, लोकांना दोन कप कॉफी पाजली की ते काही म्हणत नाहीत." त्यावर अपूर्वनं एकदम विचारलं, "आजी, पण मग पाण्याचं काय? येतं की नाही?" दोघी एकाच वेळी म्हणाल्या, "अगदी व्यवस्थित." उन्हाळ्यात टब भरून ठेवा, एवढं मात्र शारदाबाईंनी संयोगिताला सांगितलं, आणि या वेळी ते सगळ्यांदेखत सांगितलं.

उगादीच्या आधी बोलणी पक्की झाली. जवळच्याच गल्लीत, तळमजल्यावर, दोन खोल्यांचं घर शामसुंदररावांनीच शोधून दिलं. म्हणजे दोन वर्षांत शून्य आणि एका महिन्यात दोन. तरीसुद्धा एके सकाळी ते आपणहून चामराजपेठेत मेहुण्याच्या दुकानात गेले आणि मशीनपुढच्या त्या स्टुलावर बसले. चंपाबाईंना कळलं तेव्हा त्यांनी विचारलं, "बसलात का शेवटी दुकानात?"

"एका भांड्यापुरता," शामसुंदरराव म्हणाले.

नव्या घरी दोघी राहायला गेल्या त्या दिवशी ते आहेर घेऊन गेले. घर लहान होतं, छत हाताला लागेल असं, पण खिडकी रस्त्यावर उघडत होती आणि गांधी बझारचा कोपरा तिथून सरळ दिसत होता. कट्ट्यावर दोन फिल्टर आधीच मांडलेले होते. शामसुंदररावांनी पिशवीतून तिसरा काढला. मोठा, कोरा, स्टीलचा. त्यावर लग्नाच्या भांड्यांवर घालतात तशी नावं घातली होती, वेलबुट्टीच्या चौकटीत, एकाशेजारी एक. गोजरा – शारदा.

दोघींनी फिल्टर उजेडात धरून पाहिला.  शारदाबाईंनी चष्मा लावला, पुन्हा वाचलं आणि इकडं-तिकडं पाहिलं. पण या घरात अजून कॅलेंडर लावलेलं नव्हतं. तेव्हा त्या फिल्टरलाच म्हणाल्या, "माझं नाव मागं का?"

शामसुंदरराव सवयीनं गोजराबाईंकडं वळले आणि निरोप पोचवायला त्यांनी तोंड उघडलं.

"तू मोहित्यांच्या घरात मागून आलीस म्हणून, शारदी," गोजराबाई म्हणाल्या.

शामसुंदररावांचं तोंड तसंच उघडं राहिलं.

"एका वर्षानं फक्त," शारदाबाई म्हणाल्या.

"दीड. तुझ्या लग्नात प्रदीप रांगत होता."

"रांगत नव्हता. पाळण्यात होता. मीच झोका दिला त्याला, अंगावर शालू असताना."

"तो शालू कुणी नेसवला तुला? नेसता येत होता का?"

शामसुंदररावांनी दोन-तीनदा या तोंडाकडून त्या तोंडाकडं पाहिलं. मधे बोलायला त्यांना कुणी जागा दिली नाही, आणि काय सांगा म्हणून कुणी म्हटलंही नाही. थोड्या वेळानं ते उठले, चपला घातल्या आणि येतो म्हणाले. ते कुणी ऐकलं नाही. रस्त्यावर स्कूटरपाशी आल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की आज आपल्याला कॉफी द्यायची दोघीही विसरल्या.